डोरीन आता रुळली आहे

कीथली,
ता. ४ एप्रिल १९३८

ती. फ्रीडाताईस बेरिलचा सा. न. वि. वि.

तुझ्या इस्पितळाकडून शनिवारी पार्सल पोचलं. डोरीनचा कोट एक, लोकरी टोपी एक, बुटांचा जोड एक. जंतू मारायला सगळं वाफेत शेकलेलं. टोपी आटून बाहुलीची झाली आहे. तिकिटं कमी लावलेली, म्हणून मला पोस्टमनकडे साडेतीन पेन्स मोजावे लागले. तळाशी माझंच पुडकं निघालं, फेब्रुवारीत मी पाठवलेलं, माझ्या हातची गाठ जशीच्या तशी. आत माझ्या जुन्या झग्याची बाही. ती गालाशी धरल्याशिवाय पोरीला झोप येत नाही, असं मी तुला चिठ्ठीत लिहिलं होतं. ती चिठ्ठीही आतच आहे.

घटसर्प गेला, घसा बरा आहे, देवाची कृपा. पण ताई, पोर बरी नाही. साडेतीन वर्षांची ही मुलगी आजारापूर्वी कशी होती तुला ठाऊक आहे. धाकटा ॲलन रडला की स्वतःचं फडकं त्याच्या हातात कोंबायची, मला सुई टोचली तर माझ्या बोटावर फुंकर घालायची. परवा कोळशाची बादली घेऊन मी तळघराच्या पायऱ्यांवर घसरले. गुडघा फुटला. तिनं पाहिलं, मला वळसा घातला आणि टेबलाशी जाऊन पाव खायला बसली. ॲलन रडला की ती उठून दार लोटून घेते. वर प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणते, आणि दूधवाल्याच्याही मांडीवर जाऊन बसते. विल्फ म्हणतो की आपली पोर तिथंच राहिली, मेव्हणीबाईंनी कुणा लॉर्डाची बदलून पाठवली. म्हणतो हसून, पण कालपासून त्यानं पाइप पेटवलेला नाही.

तुमच्या वॉर्डातल्या फरश्या घासणाऱ्या सग्डनबाई रविवारी प्रार्थनेनंतर भेटल्या. मी तुझं कौतुक करायला गेले. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. म्हणाल्या, अहो, तुमची लेक सात दिवस तुम्हाला हाका मारत होती, आठव्या दिवशी थांबली. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?

मला तुझी पाच पत्रं आली. पाचांतही "डोरीन आता रुळली आहे." इस्पितळ रोग्यांची प्रकृती पेपरात नंबरानं छापतं, तिथं मी रोज डोरीनच्या सतरा नंबरापुढे "समाधानकारक" वाचायची आणि तुझं पत्र उशाशी ठेवायची. प्रार्थनेच्या भर सभेत उभं राहून मी तुझ्यासाठी देवाचे आभार मानले गं.

वॉर्डाच्या खिडकीशी येऊ नकोस, मुलं बिथरतात, असं तू म्हणालीस. मी एका अटीवर ऐकलं: आई येणार आहे, हे तू तिला रोज सांगशील. सांगत होतीस का? पोरीशी काय बोलायचं ते मला त्यावरून ठरवायचं आहे. आजवर तुझ्या शब्दावर विसंबले, आता उत्तरावर.

तुझी
बेरिल

ता. ७ एप्रिल १९३८

चि. सौ. बेरिलला अ. आ.

पुडकं मी फोडलं नाही. घरचा वास आला की मुलं पुन्हा सुरू होतात. घटसर्पात हृदय कमकुवत होतं. रडत उठून बसलेलं मूल खाटेवरच गेलेलं मी दोनदा पाहिलं आहे. बावीस खाटा आहेत माझ्याकडे. तुझी मुलगी जिवंत घरी आली, हे विसरू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आई येणार असं सांगितलं की ती दाराकडे बघत बसायची. म्हणून मी तिला सांगितलं, इथं आई नसते.

आणखी एक लिहिते, कारण सग्डनबाई आज ना उद्या सांगेलच. शेजारच्या खाटेवर दहा महिन्यांचं बाळ होतं, रात्रंदिवस कण्हायचं. आठव्या दिवशी डोरीन स्वतःची चादर ओढत त्याच्याकडे निघाली. तिला उठायची मनाई होती. मी तिला उचललं, पट्ट्यांनी खाटेला बांधलं आणि बजावलं की दुसऱ्याच्या रडण्याशी तुझा संबंध नाही. त्यानंतर ती कुणाकडे गेली नाही, रडलीही नाही. त्याच दिवशी मी तुला रुळल्याचं पहिलं पत्र लिहिलं. ते मला खरंच वाटत होतं.

तुझ्या जन्माआधी मी चार वर्षांची असताना नऊ आठवडे अशाच इस्पितळात होते. मीही गप्प झाले, आणि सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं. आई न्यायला आली तेव्हा मी तिला "बाईसाहेब" म्हणाले. तू तिच्या मांडीवर वाढलीस, तुला हे कळणार नाही. मला वाटायचं की मूल असंच बरं होतं.

पत्र बंद करू नकोस, इतकंच मागते.

फ्रीडा

कीथली,
ता. ९ एप्रिल १९३८

फ्रीडाताईस न. वि. वि.

तुझं पत्र वाचून विल्फ परसात निघून गेला. मी कपडे पिळत राहिले. चार वर्षांच्या तुझ्यासाठी मला रडू आलं. माझ्या पोरीला बांधणाऱ्या तुला मात्र आज क्षमा करता येत नाही. देवापुढे खोटं कसं बोलू?

काल रात्री जेवणं झाल्यावर डोरीनला समोर बसवून सगळं सांगितलं. मावशीनं चुकीचं सांगितलं, आई होती, तीन रविवार फाटकाबाहेर उभी राहून परत गेली, कारण ती मावशीचं ऐकत होती, चूक आईचीही. बाळाकडे निघालीस ते चांगलं केलंस, तुला बांधायला नको होतं, हेही सांगितलं.

ती माझ्याकडे आली नाही. मीही ओढलं नाही. पावाचा तुकडा हातात तसाच धरून बसली. मग खाली बघून तिनं मला विचारलं, ते बाळ अजून रडतंय का, आणि त्याच्याजवळ आता कोण आहे?

घरी आल्यापासून तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न आहे, ताई. मला उत्तर ठाऊक नाही. तुला आहे. मावशीला पत्रानं विचारते, असं मी तिला सांगितलं. आज पोस्टमनच्या दर फेरीला ती खिडकीशी उभी होती. बाळ घरी गेलं असेल तर तसं लिही, जगलं नसेल तर तेही लिही, आणि अजून तिथंच असेल तर आधी त्याच्याजवळ जाऊन बस, मग लिही. पण उलट टपाली कळव.

बेरिल