चालत्या कळपासाठी मेंढा

आप्पा,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. कारणं नंतर.

१. चार वर्षांपूर्वी माझ्या सांगण्यावरून नानांनी तुमच्या काळ्या मेंढ्याच्या वंशातले तीन मेंढे विकले, एक ठेवला, आणि जुळी देणाऱ्या वाणाचे दोन मेंढे आणले.

२. गेल्या वर्षी त्या नव्या मेंढ्यांच्या मुली पहिल्यांदा व्यायल्या. जुळी थोडीच होती आणि सगळी जगली. मी त्याचा अहवाल लिहिला.

३. यंदा दिवाळीनंतर कळप घाट उतरत असताना बारा मेंढ्यांना जुळी झाली. शिळफाट्याला पोचेपर्यंत त्या चोवीस कोकरांतली अकरा मेली.

४. घाटाच्या पायथ्याशी काकी कोकरं घेऊन चालताना पडली. उजवा खांदा मोडला. तो हात अजून डोक्याच्या वर जात नाही.

५. पावसाआधी कळप देशावर परत जातो. यंदा तो येत्या रविवारी निघेल. त्याआधी कोणते मेंढे ठेवायचे आणि कोणते विकायचे, हे नानांनी मला विचारलं आहे.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, त्यामुळे मधलं थोडं सांगावं लागेल. कळप तुमच्या धाकट्या भावाकडे, नानांकडेच आहे. आई मोहन्याच्या त्याच घरात आहे. मी पशुवैद्यकाची पदवी पुरी करून पुढे पैदासशास्त्र शिकले आणि आता बाळकुमला एका कंपनीत काम करते. कंपनी मेंढपाळांकडून कोकरं विकत घेते आणि त्यांना पैदाशीचे मेंढे देते. माझी खुर्ची नवव्या मजल्यावर आहे. मेंढरात काय सुधारायचं हे मी ठरवते. तुम्ही हे काम बांधावर उकिडवं बसून करायचात, मी संगणकावर करते, आणि यंदापर्यंत माझी समजूत होती की माझी पद्धत जास्त अचूक आहे.

पद्धत अशी. कळपाचा एकेक गुण वेगळा काढायचा: कोकराचं वजन, एका वेताला कोकरं किती, त्यातली जगतात किती, लोकर किती. मग प्रत्येकाबद्दल विचारायचं की हा गुण एका मापाने वाढला आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर वर्षाला घरात किती जास्त येईल? जे उत्तर येतं त्याला त्या गुणाचं आर्थिक वजन म्हणतात. मेंढा निवडताना जास्त वजनाच्या गुणामागे जायचं, कारण सगळे गुण एकदम वाढवता येत नाहीत. सारख्या तोलाच्या चार गोष्टींमागे लागलं, तर एकीमागे लागून ती जेवढी सरकली असती त्याच्या निम्मीच प्रत्येक सरकते. लोकरीचं वजन शून्याच्याही खाली आलं. कातरणाऱ्याला द्यावं लागतं तेवढंही लोकरीतून येत नाही, म्हणून नाना हल्ली ती बांधावरच टाकून देतात. जुळ्यांचं वजन सगळ्यांत वर आलं, बाकीच्यांच्या कितीतरी पुढे. हिशेबासाठी घेतलेले आकडे शेडमध्ये बांधून वाढवलेल्या कळपांचे होते, कारण आकडे तिथेच मिळतात. चालणाऱ्या कळपाची नोंद कोण ठेवतं? मी तेच आकडे चालणाऱ्या कळपाला लावले.

मी अकरा वर्षांची आहे. तुम्ही कारखान्यातून दोन दिवसांची रजा काढून मला शिळला घेऊन आला आहात. भात निघून गेलेल्या खाचरांत आपली मेंढरं बसवली आहेत. त्यांच्या लेंड्यांचं खत शेताला, बदल्यात आपल्या वाड्याला, एकत्र चालणाऱ्या बिऱ्हाडांना, तांदूळ. तीन बिऱ्हाडं बांधाच्या कडेला उतरली आहेत. तुम्ही एकेक मेंढी पायांत धरता, तिचे दात बघता, कास चाचपता, आणि विकायची असेल तिच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढता. एका तरण्या, धट्ट्या मेंढीवर तुम्ही पट्टा ओढता तेव्हा तिच्या मागे दोन कोकरं उभी आहेत.

"हिला का?" मी विचारते. "हिला तर दोन झालीत."

"म्हणूनच."

"पण दोन म्हणजे चांगलंच ना?"

"एक ठिवू कुठं?" तुम्ही म्हणता. "घोड्यावं जागा न्हाय."

नाना आणि काकी हसतात. घोडा तिथेच चरत असतो. चालताना त्याच्या पाठीवर भांडी, वाकळा, कोंबड्यांची पाटी आणि दोन्ही बाजूंना जाळ्या असायच्या. ज्यांना चालता येत नाही ती कोकरं त्या जाळ्यांत, मुंडकी बाहेर काढून. मला वाटलं, तुम्ही विनोद केलात.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी सुट्टीत घरी आले होते. रविवारची सकाळ होती. आई भाकरी करत होती, तुम्ही ओट्याला टेकून लसूण सोलत होता. पैदाशीचा पहिलाच धडा झाला होता आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, जुळी देणाऱ्या मेंढ्या विकून टाकणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, तुम्ही वर्षानुवर्षं कळपातला सगळ्यांत कमाईचा गुण वेचून बाहेर काढताय. आई म्हणाली, "बापाशी बोलतेयस, परीक्षेत लिहीत नाहीयेस." तुम्ही लसूण सोलणं थांबवलं नाहीत. "अडाणी म्हण, हरकत न्हाय," तुम्ही म्हणालात. "पर आठ दिस कळपासंगं चालून ये, आन मग म्हण." त्या वर्षी माझी परीक्षा होती. दुसऱ्या वर्षीही काहीतरी होतं. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. मी अजूनही कळपाबरोबर चाललेली नाही.

तुमचीही एक चूक नोंदवून ठेवते. बकरी ईदच्या आधी कल्याणचे व्यापारी वाड्यावर यायचे आणि सगळ्यांत थोराड नर कोकरं निवडून न्यायचे, कारण त्यांनाच भाव असे. उरलेल्यांतून तुम्ही पुढचा मेंढा ठेवायचात, आणि तोही रंग बघून, काळाभोर, घोंगडीच्या लोकरीला रंग द्यावा लागू नये म्हणून. म्हणजे इतकी वर्षं कळपाचा बाप व्यापाऱ्याने नाकारलेल्यांतून ठरत होता. आपली मेंढरं वर्षागणिक लहान होत गेली असणार. किती, ते सांगता येणार नाही. तुम्ही मला दहावीनंतर कोकरं तोलायला टांगता स्प्रिंगकाटा घेऊन दिला होता. तोपर्यंत वाड्यावर कुणी काही तोललेलं नव्हतं, अंदाज हाताचा.

काकी पडल्यावर चौथ्या दिवशी मी शिळला गेले. ताडपत्रीखाली ती हात गळ्यात बांधून बसली होती आणि डाव्या हाताने एका कोकराला बाटली पाजत होती. दूध पावडरचं होतं. दोन कोकरं लागली की चालणाऱ्या मेंढीला दोघांपुरता पान्हा फुटत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं.

"आली का डाक्टरीण," काकी म्हणाली. "त्यानला बघ आधी. माझ्या खांद्याला मान्साचा डाक्टर बघून गेला."

मी कोकरं तपासली. मग तिने मला समोर बसवलं. माझं गणित नानांनी तिला सांगितलेलं होतं, त्यांना समजलं तसं.

"तुझ्या त्या कागदात माझं नाव हाय का गं?"

"नाव नाही. 'घरची मेहनत' असा रकाना असतो."

"त्यात किती लिवलंस?"

खोटं सांगता आलं असतं. "शून्य," मी म्हटलं. "घरच्या माणसाला मजुरी द्यावी लागत नाही, म्हणून खर्च शून्य धरतात. सगळीकडे तसंच धरतात."

नाना आधी हसले, मग हसायचे थांबले. काकीने बाटली उलटी करून शेवटचे थेंब कोकराच्या तोंडात पाडले.

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "म्हंजी मी पडले त्यात नुसकान काईच न्हाय."

त्याच आठवड्यात मी हिशेब पुन्हा मांडला. काकीच्या दिवसाला शिळच्या बायकांना भातलावणीला मिळते ती मजुरी लावली. जाळीत मावत नाहीत ती कोकरं किती मैल हातावर न्यावी लागतात ते नानांना विचारून घातलं. पावडरचं दूध, मेलेली कोकरं, पुढच्या माजावर उशिरा येणाऱ्या हडकुळ्या आया, सगळं घातलं. चालत्या कळपात जुळ्यांचं वजन शून्याखाली गेलं. लोकरीच्या शेजारी जाऊन बसलं. त्याच्या जागी आता वर आहे ते एकच कोकरू, पण थोराड, आणि त्याला पोसून रोज चालू शकणारी आई. त्यासाठी ईदेला सगळ्यांत मोठा नर विकायचा नाही, मेंढा म्हणून ठेवायचा. तुम्हाला जे कळलं होतं ते आणि जे कळलं नव्हतं ते, दोन्ही या उत्तरात आहे. एका जागी बसलेल्या कळपात मात्र, शेड आणि विकतचा चारा धरूनही, जुळ्यांचं वजन अजून नफ्यातच येतं. हेही मी तीनदा तपासलं.

मग मेंढ्याचा प्रश्न सोपा व्हायला हवा होता. कळप चालणार असेल तर दोन्ही नवे मेंढे आणि त्यांच्या मुली विकायच्या आणि तुमच्या काळ्याचा जो एक उरला आहे त्याच्यावर भागवायचं, पुढच्या वर्षी त्याच्या मुलांतला सगळ्यांत मोठा निवडायचा. कळप बसणार असेल तर उलट. पण गेल्या रविवारी मी तिथे असताना ज्यांच्या खाचरांत आपण बसतो ते शेतमालक वाड्यावर आले. त्यांच्या आजोबांपासून आपण तिथे उतरतो. ते गाडीतून उतरून सरळ म्हणाले, "नाना, यंदाचा लास्ट सीझन हाय. पुढल्या वर्साला इथं पत्रे लागतील. बिल्डरसंगं सही झाली." नानांनी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर नानांनी सांगितलं की मोहन्याच्या पुढे नदीकडे एकाची गोठ्याची शेड रिकामी आहे, भाड्याने देतो म्हणतो.

"चालावं का बसावं?" त्यांनी मला विचारलं.

"मला मेंढ्याचं विचारा, नाना. हे मी कसं सांगू?"

"मेंढा त्याच्यावरच ठरतोय म्हणतीस न्हवं? मंग आधी हेच सांग. तू सांगशील तसं. मागल्या बारीलाबी तूच सांगितलंस."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी काकीकडे बघितलं. "माझ्याकडं बघू नगंस," ती म्हणाली. "खांदा म्हनतो बस, पाय म्हनत्यात चल. दोघांचं भांडान लागलंय." मी म्हटलं, शनिवारपर्यंत सांगते.

आपल्या घरात चालणं सोडून बसलेला माणूस एकच आहे, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही कळप भावाकडे दिलात, मोहन्याला कामाला लागलात आणि एकाच छताखाली वर्षं काढलीत. आई म्हणते, मला शाळेत घालायचं होतं म्हणून. तेवढंच कारण होतं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. मला माझ्यापुरतं उत्तर माहीत होतं आणि ते माझ्या सोयीचं होतं. घरात तुम्ही थोडं बोलायचात. शिळला गेलात की दोन दिवस बोलत असायचात. ही तफावत मी तेव्हाही पाहिली होती. तिचं काय करायचं हे तेव्हा माहीत नव्हतं, आताही नाही. नाना आणि काकी शेडमध्ये बसले, खाऊनपिऊन राहिले, खांदाही बरा झाला, तरी त्यांचं काय होईल, हे ज्याला ठाऊक असेल असा दुसरा माणूस मला सापडत नाही.

एक गोष्ट नानांना सांगितलेली नाही. त्यांनी चालत राहावं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण काकीचा खांदा, नफा किंवा मेंढरं यांतलं काहीच नाही. आई तुमच्याबद्दल बोलत नाही, मीही नाही. वाड्यावर मात्र रोज बोलतात. मेंढरं कोंडायची जाळीची वाघर नीट लागली नाही की नाना तुम्हाला शिवी देतात, चहा गोड झाला की काकी म्हणते, हा त्यांना आवडला असता. शेडमध्ये बसल्यावरही ती दोघं अशी बोलतील याची मला खात्री नाही. एरवी वर्षातून एकदा मी शिळला जाते ती त्यासाठी जाते, आणि कंपनीच्या नोंदीत ती भेट पाहणी म्हणून लावते. माझ्या एका भेटीसाठी दोन म्हाताऱ्या माणसांनी घाट चढावा असं मी म्हणू शकत नाही. आणि हे कारण मनात असताना मी दिलेलं कुठलंही उत्तर मी स्वतः मान्य करणार नाही.

तेव्हा प्रश्न एकच. तुम्ही बसलात, ते बरोबर होतं का? हो किंवा नाही, एवढं पुरे, बाकीचा हिशेब मी करते. हा कागद मी कुणाकडे देणार नाही आणि कुठल्या पेटीत टाकणार नाही, हे मला माहीत आहे. तरी मुदत लिहिते, कारण ती खरी आहे. कळप रविवारी पहाटे निघतो. उत्तर शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यावं.