शांत स्वभावाचा माणूस

६ जानेवारी
कागदाची गिरणी बंद पडल्यापासून मी घरी. आज बायकोने, नोरीनने, मुदत दिली. महिनाअखेरपर्यंत गावात नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर विनिपेगला तिच्या भावाच्या टायरच्या दुकानात. गॉर्डच्या हाताखाली! त्यापेक्षा तळ्यात उडी मारेन. लेक ब्रुक फोनवर म्हणाली, बाबा, हल्ली आधी फेसबुक बघतात, मग माणूस. तुमचं ते आवरा जरा. आवरतो. संध्याकाळपर्यंत चकाचक.

७ जानेवारी
जुन्या पोस्ट पुसायला बसलो आणि वाचतच राहिलो. काय एकेक लिहून गेलोय! दोनच पुसल्या. बाकीच्या पुसणं म्हणजे पाप.

९ जानेवारी
टाय लावलेला फोटो एकच सापडला, हॅरॉल्डकाकांच्या अंत्यविधीचा. शवपेटी दिसत होती तेवढा भाग कापून लावला. नोरीन म्हणते, किती दिवसांनी इतका प्रसन्न दिसलास.

१३ जानेवारी
देव आहे! नगरपालिकेच्या रस्ते खात्यात जागा निघाली. लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या. अर्जात 'शांत स्वभाव' ठळक अक्षरांत. साहेबांचं नाव रोलँड पॅकेट. ओळख असावी म्हणून त्यांच्या सगळ्या पोस्टना लाईक ठोकले. मांजर गेलं, त्यालाही.

१७ जानेवारी
सोमवारी मुलाखत! तोवर फेसबुकवर चकार शब्द नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

१८ जानेवारी, सकाळ
रात्रभर बर्फ. फावडं मारमारून गाडीची वाट मोकळी केली. कंबर गेली. पाठ फिरवतो न फिरवतो तोच पालिकेचा नांगर, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ कडेला ढकलणारा ट्रक, आला. रस्ता साफ, आणि माझ्या वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा ढीग! हे कुणी सहन करायचं? पण मी काही मूर्ख नाही. 'जागरूक नागरिक' नावाचं नवं खातं काढलं आणि गावाच्या ग्रुपवर विचारलं, नांगरवाला आंधळा आहे की सूड उगवतोय?

दुपार
जोर यावा म्हणून खाली खऱ्या नावाने लिहिलं, अगदी बरोबर बोललात. मग लगेच आभार मानले. कुणीतरी नांगरवाल्याची बाजू घेतली. त्याला उत्तर दिलं, शांतपणे. मग आणखी सहा.

संध्याकाळ
ब्रुकचा फोन. अहो बाबा, स्वतःचं कौतुक करून आभारही स्वतःच्याच नावाने मानलेत! खातं बदलायचं राहिलं, दुसरं काय. सगळं पुसलं. विषय संपला. इतकं बारीक कोण बघतंय?

२० जानेवारी
मुलाखत. पॅकेटसाहेब भला माणूस, कॉफी दिली. म्हणाले, शनिवारी ड्रायव्हर तापाने झोपला होता, नांगर मीच घेऊन निघालो होतो. ढीग झाला खरा, माफ करा. मग म्हणाले, तुम्ही चांगले आहात हो, पण आम्हाला तक्रारी ऐकणारा हवाय. करणारे गावात पुष्कळ आहेत.
हसलो. कॉफी संपवून घरी आलो. नोरीनला सांगताना रडू आलं.

३१ जानेवारी
सामान बांधून झालं. माझं कुणी ऐकत नाही. फेसबुकवर मात्र मान ताठ ठेवून लिहिलं: नव्या आव्हानासाठी विनिपेगला निघालो. खाली गॉर्डने लिहिलं, आव्हान कसलं डोंबलाचं, टायर धुवायचेत, जुने कपडे आण.
माझ्या पोस्टला एकही लाईक नाही. गॉर्डच्या उत्तराला अख्ख्या गावाचे. त्यात नोरीनचाही.