दादाचे हातमोजे

१४ डिसेंबर, रविवार. बोरगाव.

गॅसच्या विहिरीतला दाब अडवणारा व्हॉल्व्ह दादाच्या वेळी का बंद झाला नाही? आईने आज विचारलं. भूगर्भशास्त्र शिकलेय ना मी, म्हणून मलाच.

दादा त्या विहिरीवर कामाला होता. तिथेच अपघातात गेला. आणि मला आता जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करणाऱ्या प्रकल्पात नोकरी मिळाली आहे. आई बागेत संत्र्याच्या बुंध्याशी आलेले जंबेरीचे, त्या काटेरी रानलिंबाचे, फुटवे छाटत होती, हातात दादाचे हातमोजे. मी सांगत सुटले. खोदायचं यंत्र तेच, पोलादी पाइप तेच, व्हॉल्व्हही तोच. फक्त वर गॅसऐवजी वाफ येणार. धूर नाही. जंबेरीच्या खुंटावर आपण संत्र्याचा डोळा बांधून कलम करतो ना, तसं.

"खुंट तर जंबेरीचाच राह्यते ना, बाई," आई म्हणाली. "काटे त्यालेच येते." मग तो प्रश्न.

खरंच, दाब गॅसचा काय, वाफेचा काय, धोका तोच. पण धुराशिवायची वीज कोणीतरी काढायला हवीच ना? हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

संध्याकाळी तिने हातमोजे धुऊन माझ्या बॅगेवर ठेवले. "जाशील तर घेऊन जा. मले काही विचारू नको."

मी ते ओलेच परत खुंटीला टांगले. उद्या तिला पुन्हा काट्यांत हात घालायचा आहे. नोकरीला होकार मात्र मी सकाळीच, बागेत जायच्या आधी, कळवून टाकला होता.