फिरायला गेलात, तेही काठीशिवाय?

अहो,

काल, चौदा मार्चला, संध्याकाळी सव्वासहा वाजता तुमची बहीण व्हिडिओ कॉलवर माझ्याशी धडधडीत खोटं बोलली. "दादा फिरायला गेलाय, वहिनी," म्हणे. तुमची काठी तिच्या मागे खुंटीला होती! काठीशिवाय तुम्ही बाल्कनीतसुद्धा जात नाही.

इथे लेकाकडे सगळं छान. घरी परतायची माझी बॅग भरून झाली. रजा नाही म्हणणारा आपला मुलगा अचानक माझ्याबरोबर यायला निघालाय. एकाला तीन ऐकवणारी सूनबाई आज सगळं निमूट ऐकतेय.

गोळ्या घेताय ना?

या पत्राचा फोटो बहिणीच्या फोनवर पाठवतेय. उद्या सकाळी नऊला विमान सुटतं. त्याआधी मला लेखी उत्तर हवं, तुमच्याच अक्षरात. नुसत्या शिव्या लिहिल्यात तरी चालेल.

तुमचीच