गाडीतले दोरे मी कापले

अहो विलासचे बाबा,

पाया पडते-बिडते असं लिहीत नाही. तुमी जिते होते तेव्हा कधी पडली नाही, आता फोटोपुढं काय नाटक करू? मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. वीस ओळी लिहाले मले अख्खी दुपार लागते. तरी लिहून राहिली, काहून की सांजेले विलास हापिसातून येईन आणि त्याच्या आधी मले तुमाले एक गोष्ट विचारायची आहे. दुसऱ्या कोणाले विचारू? ज्याले विचारायचं ते माणूसच गेलं!

तुमी भ्याले होते का? एवढंच सांगा.

तुमी म्हणाल, बुढी भलतंच बोलून राहिली. मग पहिलेपासून ऐका.

तुमची ती लाल गाडी. दोन शिटांची, बिनटपाची. नाकाडोंगरीकडच्या खाणीतला साहेब बदली होऊन गेला, तेव्हा बंद पडलेली गाडी आपल्या तुमसरच्या आंगणात सोडून गेला, आणि तुमी तिले सवतीसारखी घरात घेतली. अहो, सवत तरी दोन भांडे घासते! ही नुसती तेल प्यायची आणि वैशाखात दोन कोस चालली की तापून बसायची. मग तुमी तिच्या नाकापाशी तेल थंड करायची जाळी बसवली आणि जाळीच्या मागं बॅटरीवरचा पंखा. मी म्हटलं, "घरात माणसं घामानं भिजून राहिले, अन् गाडीच्या तेलाले पंखा?" तुमी म्हणाले, "तेल जास्त तापलं की पातळ होते, मग इंजिन घासते. तुले नाही समजत." नाही समजत तर नाही समजत. आजही नाही समजलं. कढईतलं तेल तापलं नाही तर भजा फुगत नाही, मले इतकंच समजते.

पंख्याच्या तारा ओढून झाल्या, टोकं जोडायची राहिली, तेवढ्यात तुमी खाटेवर पडले, ते उठलेच नाही. सुनेले सारं शिकवलं होतं. मामाजी-मामाजी करत रेखा पाने-पकडी द्यायची, तुमी बोनटात डोकं घालून बोलत राहाचे. आपला विलास तलाठ्याच्या हापिसात कागद शिवणारा, त्याले बल्ब बदलता येत नाही. पण पोरगी हुशार निघाली. मी तोंडावर कधी म्हटलं नाही, ते वेगळं.

शेवटच्या हप्त्यात तुमी माझं मनगट धरून म्हणाले, "गाडीतल्या दोऱ्यांले कोणाले हात लावू देऊ नको." आठवते? मी हव म्हटलं. तुमी डोळे मिटले. बस, पुढं काहीच नाही.

तुमी गेल्यावर मी बोनट उघडलं. पाहते तं काय, काळ्या तारांले जागोजागी रंगीत दोरे बांधलेले! लाल, पिवळे, हिरवे, पांढरे. कुठं एक गाठ, कुठं दोन गाठी. मले वाटलं, हे तं मंतरलेले गंडेच! ज्या माणसानं जन्मभर माझ्या उपासाले नावं ठेवली, माझ्या मायनं आणलेला गंडा चुलीत टाकला, त्या माणसानं चोरून दोरे बांधले? घरात बांधले असते तर मी हासली असती, म्हणून गाडीत लपवले, असंच वाटलं मले. आणि "हात लावू देऊ नको"चा अर्थही मग तोच लागला. गंड्याले दुसऱ्याचा हात लागला की त्याचा गुण जाते, हे लहान लेकरू सांगीन.

मले वाटलं, तुमी मरणाले भ्याले. आणि मले सांगितलं नाही.

माझी माय म्हणे, माणूस गेलं की त्याचे दोरे घरात ठेवू नये, जीव अडकून राहते. मी तेरवीच्या आदल्या दिवशी विळ्यानं एकेक दोरा कापला. पदराच्या गाठीत बांधून वैनगंगेवर गेली आणि सारे पाण्यात सोडून दिले. तेव्हा मी रडली बरं का. बाकी कशाले रडली नव्हती. तुमाले जळताना पाहून नाही रडली, आणि त्या दोऱ्यांले रडली. काहून, तेही समजत नाही.

आता तुमच्या वर्षश्राद्धाले पंधरा दिवस राहिले. विलासच्या डोक्यात आलं की त्या दिवशी बाबाची गाडी चालवत अड्याळले न्यायची, तुमच्या भावाच्या दारात उभी करायची. सोमवारी रेखानं बोनट उघडलं आणि तिथंच उभी राहिली.

"आत्याबाई, मामाजीचे दोरे कुठं गेले?"

मी तांदूळ निवडून राहिली होती. म्हटलं, "कायचे दोरे?"

"खुणेचे! मामाजीनं एकाच बंडलातली काळी तार वापरली ना सगळीकडं. म्हणून त्यांच्या मायच्या हातमागाच्या पेटीतलं उरलेलं सूत बांधलं. लाल बॅटरीची, पिवळी स्विचची, हिरवी पंख्याची, पांढरी अर्थिंगची. त्यांची माय मागावर असंच बांधे म्हणे, कोणतं सूत कुठं जाते ते समजाले."

मी सूप खाली ठेवलं.

खुणा! अहो, खुणा होत्या त्या! मग दोन शब्द जास्त बोलले असते तर तोंड दुखलं असतं का? "तारेची खूण आहे", इतकंच! चाळीस वर्षं मले "तुले नाही समजत" म्हणत राहिले आणि ज्या दिवशी समजून सांगाचं, त्या दिवशी अर्धंच सांगून डोळे मिटले. याले काय म्हणावं?

विलास आला. तो रेखावरच चढला. "दिवाळीत झाडझूड तूच केली. बाबाची आखरी मेहनत होती ती, अन् तू केरात टाकली!" ती म्हणाली, "मी हात नाही लावला, तुमची शपथ." तो म्हणाला, "मग काय उंदरानं सोडल्या गाठी?" दोरे मी कापले हे मी सांगितलं नाही. मी पाटावर बसून भाकर खाल्ली. एक नाही, दोन खाल्ल्या. चार दिवस तो तिच्याशी सरळ बोलत नाही आणि चार दिवस मी जेवून राहिली.

काल दुपारी रेखा एकटीच आंगणात गेली. हातात तो सुईवाला बल्ब, तार टोचली की पेटते तो. एकेक तार टोचे, खडूनं लिहे, पुसे, परत टोचे. एकदा फ्यूज गेला, एकदा धूर निघाला. मी ओट्यावरून पाहत होती. दोन तासांनी पंखा चालू करायच्या त्या काळ्या डबीनं टक् केलं आणि पंखा फिरला! रेखा ओरडली, "आत्याबाई, झालं!"

मी उठून गाडीच्या नाकापुढं गेली. माझ्या तोंडावर भपकन वारा आला.

म्हटलं, "हा तं उलटा आहे."

"उलटा कसा? फिरून तर राहिला."

"अवं, गाडी पुढं जाईन तं वारा पुढून येईन का मागून? पुढूनच ना? अन् हा पंखा मागून पुढं फुकून राहिला. दोघं समोरासमोर भांडतीन, तुझं तेल कुठून थंड होईन? बपेऱ्याले माझ्या बापाच्या खळ्यावर वाऱ्याकडं तोंड करून धान उपणलं असतं तं सारा कोंडा माझ्याच तोंडात गेला असता."

तिनं पंख्यापुढं हात धरून पाहिला. मग बसून पंख्याच्या दोन तारा तिनं अदलाबदल केल्या, आणि पंखा वारा आत ओढाले लागला. मी पदर धरून पाहिला, जाळीले चिकटला.

"म्हणूनच," ती म्हणाली, "हिरव्या दोऱ्याले एका तारेवर एक गाठ अन् दुसरीवर दोन होत्या. मामाजीले उलटं-सुलटं माहीत होतं. कोणत्या हातानं काढले असतील बाप्पा ते दोरे!"

"याच हातानं," मी म्हटलं, आणि दोन्ही हात पुढं केले.

मग सारंच सांगितलं. गंडे, विळा, वैनगंगा. ती आधी हासली. इतकी हासली की टायरले टेकून बसली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "आत्याबाई, चार दिवस मी शिव्या खाल्ल्या. तुमी समोर बसून भाकर खाल्ली."

खरंच होतं.

"विलासले सांगशील का?" मी विचारलं.

"मी नाही. तुमच्या तोंडानं सांगा." हात पुसत आत गेली. बरोबर केलं तिनं. मीही तसंच केलं असतं.

कालपासून मी एकच हिशेब लावून राहिली. दोरे गंड्याचे नव्हते, तर मग तुमी भ्याले नव्हते. हे चांगलं झालं का वाईट? वर्षभर मी तुमच्यावर रुसून होती की भ्याले अन् मले सांगितलं नाही. वर्षभर कीवही केली. आता ती कीव कुठं ठेवू? का भ्याले होते, पण ते दोऱ्यात नव्हतं, दुसरीकडंच कुठं होतं, अन् ते मले दिसलंच नाही? मनगट एवढं घट्ट काहून धरलं होतं मग? मरणाऱ्या माणसाच्या डोक्यात गाडीचा पंखा राहते का हो? आणि पंखाच होता, तर मी कुठं होती?

राहू द्या. तुमी जिते असताना उत्तर दिलं नाही, आता काय द्याल!

पण हे कबूल करून ठेवते. आज विलास ताटावर बसला की रेखासमोरच सांगीन, दोरे मी कापले, तिनं नाही, तिची माफी माग. तो विचारन, काहून कापले? तर गोष्ट बनवून सांगणार नाही, कचरा वाटला असं म्हणणार नाही. खरं तेच सांगीन, की मले वाटलं तुझा बाप मरणाले भ्याला. हे बोलताना माझी जीभ अडखळन. तरी बोलीन.

फाटक वाजलं. आला वाटते.

विलासची माय,
कौसल्या