काठीचा वीर

६ मार्च १९४६
सगळं बदललं ते काल, चावडीवर, दिवेलागणीला.

धूळवडीच्या वीरांची बैठक होती. पुण्यात कॉलेजातल्या मुलांना सांगितलं की हसायची — तुमच्याकडे मेलेली माणसं मिरवतात? मिरवतात! गावात नऊ वीर. कुणी लढाईत पडला, कुणी वाघाशी झुंजताना. प्रत्येकाचा चांदीचा टाक त्याच्या घरच्या देव्हाऱ्यात. धूळवडीला घरातला एक जण तो खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वाजतगाजत बोरी नदीवर न्हाऊ घालायला नेतो. वीरांचं सगळं ठरवणारे सुपडू आबा म्हणाले, यंदा दहावा. झुलाल हवालदार. त्याच्या बायकोनं, ताईबाईनं, निरोप धाडलाय.

मी उठलो. कुणी विचारलं नव्हतं! म्हणालो, "इंग्रजाचा पट्टेवाला वीर कधीपासून झाला? उद्या कलेक्टरच्या कुत्र्याचाही टाक घडवा."

दोघंतिघं हसले. मीही हसत वळलो — तर लिंबाखाली कुंदा. हवालदाराची कुंदा! आईला उत्तर कळवायला थांबलेली.

७ मार्च
विहिरीवर दिसली. तिनं मला नाही, माझ्यामागच्या भिंतीला पाहिलं.

८ मार्च
खोटं बोललो का मी? बेचाळीसच्या सप्टेंबरात पारोळ्याच्या कचेरीवर झेंडा लावायला चढलो, तेव्हा याच झुलालनं डाव्या खांद्यावर काठी घातली. पायऱ्यांवरून खाली आलो — तर आणखी एक! गावचा माणूस, चांगला ओळखत होता, तरी. थंडीत खांदा अजून ठणकतो. साडेतीन वर्षं हाच खांदा गावभर दाखवत हिंडतोय. कॉलेज का सोडलंस, असं विचारणाऱ्याला दाखवायला दुसरं आहे काय माझ्याजवळ?

आणि जीव जडावा तोही त्याच्याच मुलीवर. संक्रांतीला तिनं तिळगूळ दोनदा दिला, पहिला दिल्याचं विसरल्यासारखं करून. पाडव्यानंतर वडील, नाना, माझ्यासाठी मागणी घालायला जाणार होते. संक्रांतीनंतर आठच दिवसांनी हवालदार गेला. लुटारूंनी मारला एवढं ऐकलं. कसं, ते मी विचारलंच नाही.

१० मार्च
आबांनी मुद्दाम मलाच पारोळ्याला धाडलं, सोनाराकडून टाक आणायला. "तुनी जीभ भलती चालस. आते पाय चालाव."

नथ्थूच्या गाडीतून गेलो. ओढ्याशी त्यानं बैल थांबवले. "आठेच."

इथंच मारलं हवालदाराला.

"सात गाडा व्हतात आम्हना, कपाशीना. हवालदार पहाराले. लुटारू पाच जण उनात, हातमा कुऱ्हाडी. आम्ही बठ्ठा गाडास्खाले दडी गऊत. तो येकला हुभा. बंदूक नही, काठी. म्हणे, गाडा हाका, मांगे देखू नका."

"मग?"

"मांगे देखं नही ना, भाऊ." त्यानंतर पारोळ्यापर्यंत तो बैलांशीच बोलला.

सोनार म्हणाला, "आजवर तलवारीच कोरल्या. बाई म्हणाली, काठी. कोरली." अंगठ्याच्या नखाएवढा टाक. काठी केसाएवढी. तीच काठी! माझा हात आपोआप खांद्याकडे गेला.

१३ मार्च
टाक पोचवला. ताईबाईंनी पदरात घेतला, मला गूळपाणी दिलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर!

पण वीर उचलणार कोण? मुलगा नाही. नशिराबादच्या पुतण्यानं कळवलंय — लोक नावं ठेवतील. (लोक म्हणजे मीच की!) आणि पहिल्या धूळवडीला जो निघाला नाही तो वीर पुढं कधीच निघत नाही. देव्हाऱ्यात मुका पडून राहतो.

१४ मार्च
आबांना म्हणालो, मी उचलतो. ते तंबाखू मळत राहिले.

"त्यानी काठी खायेल शे ना तू?"

"हो."

"मंग उचल. पन आयक — येकदाव जो वीर उचलस, तो त्या घरना पोऱ्या व्हस. जलमभर."

हे मला ठाऊक नव्हतं. घर येईपर्यंत अर्थही डोक्यात शिरला नाही. शिरला, तेव्हा उंबऱ्यावरच बसलो. त्या घरचा मुलगा झालो तर कुंदा माझी कोण?

१५ मार्च
नाही उचलत. माझं काय अडलंय!

१६ मार्च
इंग्रजाचा शिपाई, कबूल. पण त्या सात गाड्या इंग्रजाच्या नव्हत्या. पायऱ्यांवर मला मारणारा तोच, ओढ्याशी उभा राहिलेलाही तोच. एकाला पुसून दुसरा ठेवायचा म्हटलं, तर जमत नाही. दोन दिवस तेच करून पाहतोय.

मी सगळ्यांना सांगतो, दोन काठ्या खाल्ल्या पण हललो नाही. दुसरीनंतर पळालो. झेंडा पायरीवरच राहिला. हे आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

तो पळाला नाही.

१७ मार्च, होळी
कुंदा नारळ टाकायला आली. गर्दीत जवळ जाऊन विचारलं, मी उचलू?

"नियम माहीत शे तुले?"

"आहे."

"मंग माले काय इचारस?" माझ्याकडे नाही, आगीकडे पाहत म्हणाली. चार पावलं गेली, थांबली. "तो दुसरा तिळगूळ... मी इसरीसन नव्हता दिन्हा."

१८ मार्च, धूळवड
डफ सुरू झालाय. नानांनी न बोलता फेटा बांधून दिला. अंगणात कुंदा उभी आहे. दुसऱ्या वीरांपुढं तलवारी. तिच्या हातात बापाची काठी.

"अभिमनभाऊ." 'भाऊ' पहिल्यांदाच म्हणाली. "चाल. माय थांबेल शे."

काठी डाव्या खांद्यावर घेईन. निघतो. दार ओढून घेतो — मागे पाहायचं नाही.