कोरा नमुना

प्रिय धाकट्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. आईने गोळ्यांच्या कपाटाचं कुलूप काढून सायकलला लावलंय. कपाट आता सताड उघडं असतं.

परवा तू फोनवर सांगितलंस की तपासणीचा शेवटचा अहवालही स्वच्छ आला आणि क्रेनवर कामाला परत घेताहेत, तेव्हा मी अनवाणीच जिना उतरून शेजारणीला सांगून आले. क्रेनवरून पडलास, कंबर बरी झाली तरी दुखण्याच्या गोळ्या सुटेनात, ते दिवस आठवले. पण तू लगेच पुढे म्हणालास, ताई, कागदावर विश्वास ठेवतील, माझ्यावर कोण ठेवणार? ते काही माझ्या मनातून जाईना.

आता आमच्या प्रयोगशाळेची गंमत ऐक. लघवीत अफूच्या जातीचं औषध आहे का, हे तपासण्याआधी यंत्राला रोज थोडा कोरा नमुना द्यावा लागतो, म्हणजे असलं काहीही न घेतलेल्या माणसाचा. त्याच्याशी ताडून बाकीच्यांचा निवाडा होतो. हा नमुना आम्हीच आळीपाळीने द्यायचा आणि साठवून पुरवायचा, अशी जुनी पद्धत. या आठवड्यात साठा संपला आणि आमची त्रेधा उडाली. कारकूनबुवा खोकल्याच्या औषधावर, त्यातही अफूचा अंश; नव्या मुलीची अक्कलदाढ काढलेली, तिच्या गोळ्या चालू. उरलो मोठ्या बाई आणि मी, तर आदल्या दिवशी बाईंच्या वाढदिवसाचा खसखशीचा केक आम्ही दोघींनीच फस्त केलेला. खसखस अफूच्याच बोंडातली, ती पोटात गेली की यंत्र आम्हालाही सोडत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हसून हसून पुरेवाट झाली.

मग बाईंनी चष्मा काढला. घरच्या माणसाच्या नमुन्याला मी हात लावायचा नाही असा नियम, म्हणून इतके महिने तुझे सगळे नमुने त्यांनीच तपासले. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, तुमच्या धाकट्याला विचारा, देईल का? मी बाजूला जाऊन मनसोक्त रडले, आनंदाने. असली मागणी फोनवर करायची लाज वाटली, म्हणून हे पत्र. सोमवारी ये. पाणी बेताने पी, खसखशीला शिवू नकोस. पुढे कितीतरी दिवस इथे येणारा प्रत्येक नमुना आम्ही तुझ्याशी ताडून बघणार आहोत.

बाटली धुऊन वाट बघणारी,
तुझीच ताई